चेस इंजिन कोण लिहितं आणि का? बुद्धिबळाच्या वेडापायी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होती कोनेरू हम्पी. दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि निकाल टायब्रेकमध्ये लागला. तोवर नावावर एकही ग्रँडमास्टर नॉर्म नसलेली १९ वर्षांची दिव्या या विजयामुळे थेट भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

हा सामना ज्यांनी नागपुरात, चंद्रपुरात किंवा पार गोंडपिपरीत बसून मोबाईलवर पाहिला असेल, त्यांना पटाच्या बाजूची ती उभी काळी-पांढरी पट्टी आठवत असेल. पांढरा भाग वाढला की पांढऱ्याचं पारडं जड, काळा वाढला की काळ्याचं. कॉमेंट्री करणाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच पट्टीला कळलेलं असतं की चूक झाली. खरं सांगायचं तर ही पट्टी नसती, तर आपल्यापैकी निम्म्या लोकांना डाव कुणाच्या बाजूने चाललाय याचा पत्ता लागला नसता.

या पट्टीमागे एक प्रोग्राम असतो. त्याला चेस इंजिन म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याचं नाव असतं स्टॉकफिश. जगातल्या कुठल्याही माणसाला तो सहज हरवतो, तरी फुकट आहे आणि कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. दिवसा दुसरी नोकरी करून रात्री हे काम करणाऱ्या लोकांनी तो बनवलाय, आणि त्यातल्या बहुतेकांना यातून पैसा मिळालेला नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

सरळ उत्तर असं की त्यांना बुद्धिबळ आवडतं. पण ते अर्धंच उत्तर आहे. बुद्धिबळावर जीव असलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम चांगला खेळेलच असं नाही, आणि एका विश्वविजेत्याला हे फार जड गेलं. तिथे येऊच. आधी सुरुवात.

संगणक नव्हता, प्रोग्राम होता

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचं काम चालायचं. तिथे ॲलन ट्युरिंग होता, आणि ह्यू अलेक्झांडर आणि हॅरी गोलोंबेक हे इंग्लंडचे नामांकित बुद्धिबळपटूही होते. ट्युरिंगला खेळाची भारी हौस, पण या दोघांपुढे त्याचा निभाव लागत नसे. आपण जो खेळ नीट खेळू शकत नाही, तो एखादं यंत्र खेळू शकेल का, हा प्रश्न त्याला तेव्हापासून सतावत होता.

१९४८ मध्ये त्याने मित्र डेव्हिड चॅम्परनाउनबरोबर एक प्रोग्राम तयार केला, टुरोचॅम्प. अडचण एकच होती. तो चालवू शकेल असा संगणक तेव्हा अस्तित्वात नव्हता. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच संगणक झाला. कागदावरचे नियम बघून, हाताने गणितं करून तो चाल ठरवायचा. एका चालीला साधारण अर्धा तास. समोर होता ॲलिक ग्लेनी नावाचा सहकारी. २९ चालींत ट्युरिंगचा ‘प्रोग्राम’ हरला. २०१२ मध्ये ट्युरिंगच्या जन्मशताब्दीला गॅरी कास्पारोव्ह याच टुरोचॅम्पशी मँचेस्टरमध्ये खेळला आणि १६ चालींत जिंकला, पण एवढ्या जुन्या कागदी प्रोग्रामशी कास्पारोव्हला खेळावंसं वाटलं हेच मोठं आहे.

त्याच काळात अमेरिकेत क्लॉड शॅननने १९५० मध्ये एक लेख लिहिला. संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवायचं याचा आराखडा त्यात होता, आणि आजही इंजिन त्याच सांगाड्यावर उभी आहेत. शॅननही खेळाचा शौकीन. १९६५ मध्ये तो मॉस्कोला गेला तेव्हा माजी विश्वविजेता मिखाईल बॉटविनिकशी एक डाव खेळून, ४२ चालींत हरून आला.

इंजिन करतं तरी काय?

इंजिनची तीन कामं असतात.

पहिलं, नियम पाळणं. ऐकायला सोपं वाटतं, पण नवशिक्यांचे आठवडे इथेच जातात. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याच्या २० चाली शक्य असतात. काळ्याच्या उत्तरासह ४०० शक्यता. तिसऱ्या चालीपर्यंत ८,९०२, चौथ्यापर्यंत १,९७,२८१, पाचव्यापर्यंत ४८,६५,६०९. हे आकडे जगभर पक्के ठरलेले आहेत. तुमच्या प्रोग्रामने ४८,६५,६०८ मोजले तर कुठेतरी नियम चुकलाय. पुढचे काही दिवस ती एक चाल शोधण्यात जाणार.

नेहमी अडकवणारी एक जागा सांगतो. एन पासाँमध्ये मारणारं प्यादं आणि मेलेलं प्यादं एकाच आडव्या ओळीतून एकदम हटतात. त्याच ओळीत एका टोकाला आपला राजा आणि दुसऱ्या टोकाला समोरच्याचा हत्ती असेल, तर दोन्ही प्यादी गेल्यावर राजावर शह उघडतो. म्हणजे ही चाल बेकायदा. माणसाच्या डावात हा प्रसंग क्वचितच येतो, पण प्रोग्रामला तो माहीत असायलाच हवा. खेळावर जीव नसेल तर माणूस इथेच लॅपटॉप बंद करतो. पैशासाठी असल्या बारकाव्यात कोण रात्र काढेल?

दुसरं काम पुढचं बघणं. मी असं खेळलो तर तो काय खेळेल, मग मी काय. सगळ्या शक्यता तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही, म्हणून छाटणी करावी लागते. माझ्या एका चालीला समोरच्याचं एक जबरदस्त उत्तर सापडलं आणि त्याहून बरी चाल माझ्याकडे आधीच आहे, तर पहिली चाल बाद. तिला आणखी किती वाईट उत्तरं आहेत हे मोजत बसायचं नाही. या युक्तीचं नाव अल्फा-बीटा.

तिसरं काम किंमत करणं. कुठेतरी थांबून ‘ही स्थिती चांगली की वाईट’ हे आकड्यात सांगावं लागतं. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९ हा हिशेब आपल्याला पुस्तकात शिकवतात तोच. त्यावर राजा किती सुरक्षित, प्याद्यांची रचना कशी, मोकळ्या रांगेत हत्ती आहे का, याचे गुण. बाजूची ती पट्टी म्हणजे हाच आकडा.

बुद्धिबळाचं प्रेम प्रोग्राममध्ये शिरतं ते या तिसऱ्या कामातून. आणि घोळही तिथेच होतो.

विश्वविजेत्याचा प्रोग्राम

बॉटविनिक नुसता विश्वविजेता नव्हता, तो शिकलेला विद्युत अभियंताही होता. १९४८ मध्ये तो जगज्जेता झाला, आणि मधली दोन वर्षं वगळता १९६३ पर्यंत ते पद त्याच्याकडे राहिलं. खेळणं थांबवल्यावर त्याने स्वतःला एका स्वप्नाला वाहून घेतलं. आपण जसा विचार करतो तसा विचार करणारा प्रोग्राम त्याला लिहायचा होता. त्याचं म्हणणं असं की मास्टर काही लाखो चाली बघत नाही, मोजक्या बघतो, पण अचूक बघतो. यंत्रालाही तेच शिकवू. प्रोग्रामचं नाव पायोनियर.

कागदावर त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. बुद्धिबळ त्याच्याइतकं कळणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही अनेक वर्षांच्या कष्टांनंतर पायोनियर कधी स्पर्धेत उतरू शकला नाही. दरम्यान मॉस्कोतल्याच गणितज्ञांनी कैसा नावाचा प्रोग्राम लिहिला. तो अल्फा-बीटा वापरून भराभर चाली तपासायचा. १९७४ मध्ये स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ती कैसाने जिंकली.

माझ्या मते बॉटविनिकची अडचण प्रेम कमी पडण्याची नव्हती. त्याला स्वतःच्या विचारपद्धतीवर प्रेम होतं, आणि यंत्राने तीच उचलावी हा हट्ट होता. आपण कसा विचार करतो असं आपल्याला वाटतं आणि आपण खरंच कसा करतो, यात अंतर असतं. ते अंतर प्रोग्राममध्ये लिहिता येत नाही.

याच्या उलट टोकाला केन थॉम्पसन. युनिक्स या संगणक प्रणालीच्या दोन मुख्य जनकांपैकी तो एक, म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनच्या खानदानातला मूळपुरुष म्हणा. नोकरी बेल लॅब्जमध्ये. जो कॉन्डनबरोबर त्याने बेल नावाचं बुद्धिबळाचं खास यंत्र बांधलं. १९८० मध्ये ते संगणकांचं जागतिक विजेतं ठरलं, १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवणारं पहिलं यंत्र झालं. मधे १९८२ मध्ये तो ते मॉस्कोला घेऊन निघाला असताना अमेरिकी कस्टमने अडकवून ठेवलं, कारण रशियाला लष्करी तंत्रज्ञान जातंय असा संशय!

थॉम्पसनची खरी गंमत वेगळीच आहे. पटावर एका बाजूला राजा आणि वजीर, दुसऱ्या बाजूला राजा आणि हत्ती उरले, तर वजीरवाला जिंकतो हे पुस्तकातलं जुनं ज्ञान. थॉम्पसनने अशा प्रत्येक स्थितीचं अचूक उत्तर संगणकाकडून काढून घेतलं. मग ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउनला बचाव करणाऱ्या संगणकाविरुद्ध बसवलं, पैज १०० डॉलरची. यंत्र असा विचित्र बचाव करत होतं की ब्राउनला ५० चालींच्या मर्यादेत जिंकता आलं नाही. तो घरी गेला, अभ्यास करून परत आला आणि दुसऱ्या प्रयत्नात नेमक्या ५० व्या चालीत जिंकला. यंत्राने माणसाला त्याच्याच खेळातलं काहीतरी नवं दाखवलं, आणि माणसाने ते शिकून घेतलं.

सगळेच काही बुद्धिबळवेडे नव्हते. १९९७ मध्ये कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवणाऱ्या डीप ब्लूचा मुख्य कर्ता फेंग-श्युंग शू स्वतः मोठा खेळाडू नव्हता. त्याला ओढ होती चिपच्या कोड्याची. पण त्याच्या जोडीला मरे कॅम्पबेल होता, जो चांगला खेळाडू होता. आधीच्या चिपटेस्ट आणि डीप थॉट या यंत्रांच्या कामात तर बनारस हिंदू विद्यापीठात शिकून गेलेला थॉमस अनंतरामनही होता. १९८८ मध्ये डीप थॉटने बेंट लार्सनला हरवलं. स्पर्धेत ग्रँडमास्टरला हरवायची यंत्राची ती पहिली वेळ, आणि त्यामागे एक भारतीय पदवीधर होता हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

एक किलोबाइटमधलं बुद्धिबळ

मोठ्या यंत्रांच्या गोष्टी ऐकून वाटेल की हे आपलं काम नाही. मग पीटर जेनिंग्ज ऐका. टोरांटोचा हा बुद्धिबळवेडा माणूस. १९७६ मध्ये त्याच्याकडे किम-१ नावाचा उघडा सर्किट बोर्ड होता, मेमरी सुमारे एक किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा ‘गुड मॉर्निंग’चा फोटो याच्या कैकपट मोठा असतो. तेवढ्या जागेत त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम बसवला. नाव मायक्रोचेस. पडदा नाही, पट नाही. खेळणाऱ्याने खरा पट मांडायचा, चाल आकड्यांत टाकायची आणि उत्तर आकड्यांत वाचायचं. प्रोग्राम फार भारी खेळायचा नाही, पण दहा डॉलरला विकला जाऊ लागला आणि लोकांनी घेतला. त्याच्या कमाईतून पुढे व्हिजिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या स्प्रेडशीटला हातभार लागला. एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येक क्लार्कने जेनिंग्जचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

आणि डॉन डेली. अमेरिकेतल्या या प्रोग्रामरने अनेक वर्षं बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिले. शेवटचा कोमोडो, ग्रँडमास्टर लॅरी कॉफमनच्या जोडीने. डेली रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता आणि तरी काम करत होता. २२ नोव्हेंबर २०१३ रोजी तो गेला. इंजिनांची सर्वांत मानाची ऑनलाइन स्पर्धा तेव्हा सुरूच होती. पुढच्याच महिन्यात कोमोडोने ती जिंकली.

स्वतःचंच ज्ञान पुसणारी माणसं

आता स्टॉकफिश. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचा इंजिन प्रोग्राम लिहून तो सगळ्यांसाठी खुला केला होता. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने तो घेऊन सुधारला आणि नाव दिलं स्टॉकफिश, म्हणजे वाळवलेला कॉड मासा. नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजतो! फिनलंडचा योना कीस्कीही सोबतीला आला.

सुरुवातीला तिथेही तेच चालायचं. कुणाला वाटायचं, दोन्ही उंट असण्याला जास्त गुण द्यावेत. कुणाला वाटायचं, राजासमोरच्या प्याद्यांना. प्रत्येकाचं बुद्धिबळ वेगळं आणि प्रत्येकाला स्वतःचं खरं वाटायचं. २०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉटने यावर फिशटेस्ट नावाची व्यवस्था उभी केली. जगभरचे स्वयंसेवक आपला संगणक रिकामा असताना तिला उसना देतात. तुमची कल्पना कितीही सुंदर असो, तिला आधी परीक्षा द्यावी लागते. नवा प्रोग्राम आणि जुना प्रोग्राम एकमेकांशी काही सेकंदांचे हजारो डाव खेळतात. आकडेवारीने फरक सिद्ध झाला तरच बदल आत जातो. बहुतेक कल्पना नापास होतात, मांडणारा कितीही मोठा खेळाडू असला तरी.

बॉटविनिककडे हेच नव्हतं. माझ्या प्रेमाला चूक ठरवणारी परीक्षा मीच मांडायची, आणि निकाल मान्य करायचा.

याचा सर्वांत कठोर प्रसंग पुढे आला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. त्याला नियमांपलीकडे काही शिकवलं नव्हतं. तो स्वतःशी खेळून शिकला होता. (डीपमाइंडचा प्रमुख डेमिस हस्साबिस हाही लहानपणी बुद्धिबळातला चमकता मुलगा. म्हणजे इथेही मुळाशी तेच वेड.) २०२० मध्ये स्टॉकफिशने जपानी शोगीच्या प्रोग्रामांतून आलेलं छोटं न्यूरल नेटवर्क स्वीकारलं. स्थितीची किंमत आता ते नेटवर्क ठरवू लागलं. काही काळ माणसांनी हाताने लिहिलेले जुने नियमही सोबत राहिले. मग चाचण्यांनी दाखवलं की त्यांची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १६.१ मध्ये ते पूर्ण काढून टाकलेले होते. उंटांची जोडी, मोकळा हत्ती, राजाची तटबंदी, या सगळ्यावर शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं घातलेली मेहनत पुसली गेली. पुसणारे त्यांच्यापैकीच होते.

आपल्या गावच्या नियमांचं काय?

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्यातला तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका. अशा ठिकाणच्या मुलाला पूर्वी तगडा प्रतिस्पर्धी हवा असेल तर नागपूरची वाट धरावी लागायची. आज साध्या फोनवर जगातलं सर्वांत ताकदवान इंजिन फुकट उतरतं. लिचेस या मोफत संकेतस्थळाने तर आपल्याकडचे रेटेड डाव कुणालाही वापरायला खुले ठेवलेत. इंजिन लिहायचं असेल तरी जुना लॅपटॉप, पायथन किंवा सी आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. पट आणि इंजिन यांनी एकमेकांशी बोलायची यूसीआय नावाची सोपी भाषा ठरलेली आहे, म्हणजे चित्रं काढायची कटकट नाही.

पण स्टॉकफिश असताना आणखी एक का लिहायचं? एक कारण मला आवडतं. ओसरीवर खेळलं जाणारं आपलं जुनं बुद्धिबळ त्या पट्टीला येत नाही. आठवून बघा, आजोबा कसे खेळायचे. प्यादं सुरुवातीलाही एकच घर पुढे. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा नाही, त्या घराचाच मोहरा मिळणार. मीर सुलतान खान असल्याच देशी नियमांवर वाढला आणि पुढे परदेशी नियम शिकून तीनदा ब्रिटिश विजेता झाला.

फेअरी-स्टॉकफिश नावाचं एक भावंड असे वेगवेगळे प्रकार खेळतं. कंबोडियातल्या ऊक या खेळात राजाला अशीच एक उडी असते, आणि ती त्यात आहे. आपली ओसरीवरची पद्धत त्यात घालायची किंवा स्वतंत्र प्रोग्राम लिहायचा, तर पहिलं काम मोजणीचं. वर दिलेले आकडे इथे चालणार नाहीत. सुरुवातीला आठ प्याद्यांच्या आठ चाली, दोन घोड्यांच्या चार आणि राजाच्या उडीच्या दोन, म्हणजे २० ऐवजी १४. काळ्याच्या उत्तरासह १९६. त्यापुढचे आकडे काढायचे तर आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यावं लागेल: प्यादं राजाच्या घरात पोचलं तर त्याचं काय होतं? गावोगावी याचं उत्तर वेगळं मिळतं, आणि प्रोग्रामला मात्र एकच लागतं.